कूलरपुढची जागा

बारा मे. कूलरच्या ताट्या बदलायच्या होत्या. मागच्या वर्षीचं गवत काळं पडून जाळीच्या तळाशी बसलं होतं आणि वरच्या अर्ध्या भागातून नुसती झळ आत येत होती. चंद्रपुरात हे काम लोक होळीनंतर लगेच उरकतात. मला यंदा उशीर झाला होता. सकाळी उन्हं यायच्या आत कूलर मागच्या अंगणात ओढला, तिन्ही ताट्या काढल्या, जुनं गवत उपसून नवं भरलं, तारेने बांधलं आणि टाकीच्या तळाचा गाळ खरवडायला बसले.

सासरे दारात खुर्ची टाकून बघत होते. ते गडचिरोलीकडचे, वैनगंगेपलीकडच्या जंगलातल्या गावचे. डोळ्याचं ऑपरेशन झालं म्हणून महिनाभर आमच्याकडे होते. येताना पिशवीभर चार, म्हणजे चारोळीची फळं, आणली होती आणि ते खाऊन बिया गच्चीवर वाळत घालायचा उद्योग चालला होता.

"एवढं कायले घासतेस बाई? पानीच तं भरायचं हाय."

"मामाजी, तुम्हालाच बसायचंय त्याच्यापुढे."

"मी कायले बसतो डब्यापुढं? गावाले मोहाच्या झाडाखाली बसतो मी."

"इथे मोह नाही."

"थेच तं म्हनून राह्यलो," ते म्हणाले आणि काळा चष्मा पुसायला लागले.

आमचं घर ऊर्जानगरकडे जाणाऱ्या रस्त्यावर आहे. पुढची खोली माझ्या कामाची, मागे आम्ही राहतो. कूलर एकच, आणि तो बसेल अशी खिडकी पुढच्या खोलीलाच. त्यामुळे उन्हाळ्यात माझी कामाची खोली हीच बैठक असते आणि आलेल्या माणसाची निजायची जागाही तीच. माझं काम म्हणजे राइस मिल, कापसाचं जिनिंग, लहान वीजकेंद्रं यांची मीटरं आणि वेळ नोंदणारी यंत्रं तपासून देणं. यंत्र बरोबर असेल तर बरोबर लिहायचं, चूक असेल तर चूक. लोकांना मी कोरडी वाटते. मीटर तपासणारी बाई ओली असून चालत नाही.

कूलर पुन्हा खिडकीत बसवला तोवर भाऊ आले. सावलीहून पहिल्या बसने निघाले होते. दुपट्ट्यात गुंडाळलेला खोका त्यांनी दोन्ही हातांनी माझ्यापुढे धरला.

"मिस्त्रीबाई, घ्या. सील तुमच्याच हातानं तोडा, मी हात नाई लावला."

हे भाऊ कोण ते सांगते. सावलीजवळ धानाच्या भुशावर चालणारं एक लहान वीजकेंद्र आहे, तिथे ते इलेक्ट्रिकल सुपरवायझर. नेमणूक एका हंगामाची, दर पावसाळ्याच्या तोंडी नवी करायची. पण माझी त्यांची ओळख तिथली नाही. त्याच्या कितीतरी आधी, चंद्रपुरात जुन्या वेशीपाशी, त्यांच्या घराण्याचं रिपेरिंगचं दुकान होतं. पंखे, मोटारी, रेडिओ, नंतर टीव्ही. मी डिप्लोमा घेऊन बाहेर पडले तेव्हा गावभर फिरले होते. कोणी म्हणे हिशेबाला बसा, कोणी म्हणे गिऱ्हाइकाला चहापाणी बघा. भाऊंनी विचारलं, "सोल्डर येते का?" येतं म्हटल्यावर एक फुटका रेडिओ पुढे सरकवला. संध्याकाळी तो वाजला. दुसऱ्या दिवसापासून मला बाक मिळाला, आणि तोही आत माळ्याखाली नाही, रस्त्याच्या बाजूला, येणारा-जाणारा पाहील असा. माझ्या मनात त्यांच्याबद्दल जे आहे ते त्या बाकापासून आहे.

"पोरगी टीव्ही खोलते?" असं एका गिऱ्हाइकाने पहिल्याच आठवड्यात विचारलं.

"टीव्हीले थोडंच मालूम हाय कोन खोलून राह्यलं," भाऊ मान वर न करता म्हणाले. "ही आमची मिस्त्रीबाई हाय. पटत नसन तं उचला टीव्ही."

त्याने उचलला नाही. तेव्हापासून मी मिस्त्रीबाई. पुढे लोकांनी टीव्ही दुरुस्त करणंच सोडलं, दुकान बंद झालं, मी माझं काम काढलं आणि भाऊ भुशाच्या प्लांटवर गेले. साठी ओलांडलेल्या माणसाला तिथे रुजायला सोपं गेलं नसणार. त्यांनी तसं कधी बोलून दाखवलं नाही.

आता खोक्यात काय होतं ते. नेटवर्क कार्ड. संगणकात बसणारी पंज्याएवढी हिरवी पट्टी, जिच्यात नेटची वायर खोचतात. वीजकेंद्रात बिघाड झाला की डोळ्याचं पातं लवायच्या आत चार-पाच गोष्टी एकामागोमाग बंद पडतात. आधी कोणती पडली ते कळलं तर दोष सापडतो. ते कळायला सगळ्या यंत्रांची घड्याळं एकसारखी चालायला लागतात, आणि एकसारखी म्हणजे सेकंदाचे दहा लाख भाग केले तर त्यातल्या एका भागाइतकीही मागेपुढे नाहीत अशी. हे नेटच्या वायरीवरून करता येतं. एक मुख्य घड्याळ उपग्रहाकडून वेळ घेतं आणि बाकीच्यांना सतत निरोप पाठवतं. साध्या कार्डात निरोप कधी आला हे संगणक आपल्या सवडीने टिपतो, तेवढ्यात वेळ जातो. चांगल्या कार्डाला स्वतःचं घड्याळ असतं. निरोप दारात पोचला की ते दारातच वेळ टिपतं.

भाऊंनी असं एक महागडं कार्ड प्लांटसाठी घ्यायला लावलं होतं. "उन्हाळ्यात हेच टिकन," असं त्यांनी मॅनेजरला छातीठोक सांगितलं होतं. कार्ड आलं, आणि मागोमाग नागपूरचा एक विक्रेता स्वस्त कार्ड घेऊन आला. त्यालाही स्वतःचं घड्याळ होतं. म्हणाला, उगीच भारीतलं घेतलंत, हेही तेच करतं. मॅनेजर चिडले. त्यांनी दोन्ही कार्डं तपासणीला माझ्याकडे द्यायची ठरवली; स्वस्त कार्ड विक्रेत्याने आधीच परस्पर माझ्याकडे पाठवलं होतं.

फोनवर मी आधीच सांगितलं, "साहेब, मी भाऊंच्या दुकानात शिकलेली आहे. हे तुम्हाला माहीत असावं."

"माहीत आहे. तुम्ही भीड धरत नाही हेही माहीत आहे," मॅनेजर म्हणाले. "मला सरळ सांगा. स्वस्त कार्ड तेच काम करत असेल तर यांच्या शब्दाला काय अर्थ? पुढच्या हंगामाला मी दुसरा माणूस बघतो."

म्हणजे माझ्या टेबलावर दोन कार्डं होती आणि भाऊंची नोकरी होती. मी सील तोडलं. भाऊ पाणी पिऊन उठले.

"बसा ना, लावताना बघा तरी."

"नाई मिस्त्रीबाई. मी इथी थांबलो तं उद्या म्हनतील का बुढ्याचा हात लागला. जे दिसन ते लिहा." मग मामाजींकडे वळून म्हणाले, "मामाजी, डोळा कसा हाय?"

"एका डोळ्यानं तुम्ही दिसता, दुसऱ्यानं तुमच्या मागचा देव."

"मंग त्याले म्हना, सावलीकडं लक्ष ठेव," असं म्हणून भाऊ गेले.

मी जुळणीला लागले. एकाच जातीचे दोन संगणक माझ्याकडे होतेच. दोघांची झाकणं उघडी. आमच्याकडे उन्हाळ्यात संगणकाचं झाकण कोणी लावत नाही, लोक घराची दारंसुद्धा कडी न लावता नुसती ढकलून ठेवतात. गच्चीवर, मामाजींच्या चारोळ्यांच्या शेजारी, उपग्रहाच्या घड्याळाची अँटेना लावली. प्रत्येक कार्ड दर सेकंदाला एक ठोका देतं, मुख्य घड्याळही देतं. मोजणारं यंत्र दोन ठोक्यांतलं अंतर बघतं आणि पडद्यावर रेघ ओढत जातं. रेघ सपाट म्हणजे कार्ड चांगलं. मॅनेजरने दिलेल्या मर्यादेच्या दोन आडव्या रेघा मी वर-खाली आखून घेतल्या.

आणि आता माझी चूक, जी मला जुळणी करताना चूक वाटली नाही. महागडं कार्ड दुसऱ्याचं होतं, विश्वासाने दिलेलं. उन्हाळा असा की दुपारी नळाचं पाणी हाताला भाजतं. तेव्हा ते कार्ड बसवलेला संगणक मी कूलरपुढच्या टेबलावर ठेवला. नागपूरच्या विक्रेत्याने स्वस्त कार्ड परत नको म्हणून सांगितलं होतं, ते मागच्या भिंतीच्या कोनाड्यात गेलं, जिथे माझ्या वायरींचे डबे असतात. मी विचारसुद्धा केला नाही. आमच्याकडे घरी माणूस आला की आधी त्याला कूलरपुढची खुर्ची देतात, मग नाव-गाव विचारतात. हात तेच करून मोकळे झाले. मामाजींची खुर्ची आणि ते कार्ड शेजारी शेजारी बसले.

पुढचे काही दिवस मी बाहेरची कामं केली. मूल गावी एका राइस मिलची मीटरं होती, चंद्रपुरात दोन ठिकाणं होती. संध्याकाळी येऊन दिवसभराची रेघ बघायची. पहिल्याच संध्याकाळी मन थोडं खट्टू झालं. कोनाड्यातल्या स्वस्त कार्डाची रेघ बऱ्यापैकी सपाट होती. भाऊंच्या कार्डाची रेघ सकाळभर छान आणि दुपारी उंटाच्या पाठीसारखी. चढायची, उतरायची, पुन्हा चढायची. दोनदा तर आखलेल्या मर्यादेच्या बाहेर गेली होती.

वायरी तपासल्या. बदलल्या. मुख्य घड्याळ तपासलं. दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशी जास्तच. एका दुपारी उंट एक, एका दुपारी तीन. कुठलाही मेळ नाही. यंत्रातल्या दोषाला सहसा शिस्त असते, याला नव्हती.

मला वाईट वाटलं का? वाटलं. पण वाईट वाटणं वेगळं आणि लिहिणं वेगळं. एकदा मनात आलं की दुपारची रेघ सोडून द्यावी, सकाळचीच दाखवावी. पुढच्याच क्षणी स्वतःचा राग आला. ज्या माणसाने मला रस्त्याच्या बाजूला बसवलं, त्याच्यासाठी मी खोटं लिहिलं असतं तर त्या बाकाचीच लाज गेली असती. मी भाऊंना फोन लावला. मॅनेजरच्या आधी त्यांना कळावं एवढंच.

"भाऊ, तुमचं कार्ड दुपारी भरकटतंय. स्वस्तवालं टिकून आहे."

पलीकडे भुशाच्या पट्ट्याचा खडखडाट ऐकू येत होता. भाऊ त्या आवाजापासून जरा बाजूला गेले. मग म्हणाले, "बाई, एक..." आणि थांबले.

"काय?"

"काई नाई. जे दिसलं ते लिहा. मी काई बोलत नाई."

"लिहीनच."

"मंग झालं. चारोळ्या वाळल्या का मामाजीच्या?"

मी उद्या अहवाल पाठवायचं ठरवलं.

दुसऱ्या दिवशी बाहेरचं काम नव्हतं. मी मागच्या स्वयंपाकघरात अंबाडीची भाजी निवडत होते. दुपार चढली होती. पुढच्या खोलीतला कूलरचा घरघराट एकाएकी बंद झाला. वाटलं वीज गेली. बघते तर स्वयंपाकघरातला पंखा चालू. पुढे गेले. मामाजी कूलरच्या बटणापासून खुर्चीकडे परत चालले होते, अंगावर मे महिन्यात गोधडी.

"मामाजी, बंद का केला?"

"थंडी लागून राह्यली ना! नवं गवत भरलं तुनं, आता तं हिवाळाच आणून ठेवला घरात."

"मग मला सांगायचं."

"तू असतेस कुठी? रोजच करतो मी. लई झालं का बंद करतो, उबारा झाला का सुरू करतो. नाई तं खोकला होईन ना मले."

"रोज?"

"रोज नाई तं काय. एखाद्या दिवशी एक डाव, एखाद्या दिवशी तीन डाव. जसं अंग म्हनन तसं."

एक डाव, तीन डाव. मी त्या आकड्यांवर काही म्हणणार तोवर मामाजी खुर्ची ओढत कोनाड्याकडे निघाले. मागच्या भिंतीशी, वायरींच्या डब्यांपाशी ती टेकवली, गोधडी काढून मांडीवर घेतली आणि पाय पसरले.

"पाहुना म्हनून तिथी बसवलं, चार दिवस गुमान बसलो," ते म्हणाले. "आता इथीच बसतो. इथी बरं हाय. म्हातारा नाई खराब, बाई, जागा खराब हाय ते."

ते बोलले आणि मला भाऊंचं दुकान दिसलं. तिथे एक नियम होता. तो कुठे लिहिलेला नव्हता, पण तो मोडला तर भाऊ जेवायच्या सुट्टीतही बोलत नसत. दोन पंख्यांपैकी एक चालत नसेल तर पंखा उघडायचा नाही. आधी त्यांच्या जागा बदलायच्या. दोष पंख्यासोबत गेला तर पंखा खोलायचा. दोष जागेवरच राहिला तर भिंतीतली वायर बघायची. "अदलाबदल केल्याबिगर कोनाले खराब म्हनायचं नाई," हे वाक्य मी त्या बाकावर इतक्या वेळा ऐकलं आहे की ते माझं स्वतःचंच आहे असं मला वाटत होतं. आणि वर्षानुवर्षं मी तसं करतही आले. या वेळी केलं नाही, कारण जागा बदलायची म्हणजे पाहुण्याला कूलरपुढून उठवायचं आणि घरच्याला तिथे बसवायचं. असं आमच्याकडे होत नाही, म्हणून माझ्या डोक्यातच आलं नाही.

भाजी तशीच राहिली. मी दोन्ही संगणक बंद केले. कोनाड्यातला उचलून कूलरपुढे, कूलरपुढचा कोनाड्यात. जुळणी तीच, वायरी त्याच.

"काय करून राह्यली?" मामाजींनी विचारलं.

"तुमची आणि याची जागा एक केली. आणि मामाजी, आता मी सांगेन तेव्हा कूलर बंद करायचा, सांगेन तेव्हा सुरू."

"हे बरं हाय. आधी थंडी वाजली तरी गप, आता नाई वाजली तरी उठ."

पण त्यांना ते काम आवडलं. बटणापाशी खुर्ची घेऊन ते संध्याकाळपर्यंत बसले, आणि मी मान हलवली की असं बटण दाबायचे की जणू स्टेशनातून गाडी सोडताहेत. कूलर बंद झाला की कूलरपुढच्या स्वस्त कार्डाची रेघ हळूहळू चढायला लागायची. सुरू झाला की उतरायची. कोनाड्यातल्या महागड्या कार्डाची रेघ आता ताठ होती. दोष कार्डासोबत गेला नाही. जागेवर राहिला.

कारण साधं आहे आणि मला ते माहीतही होतं. कार्डातलं घड्याळ क्वार्ट्झच्या लहानशा तुकड्यावर चालतं, मनगटी घड्याळात असतो तसाच. त्याला ऊन चालतं, गारवाही चालतो. एकसारखा असला की झालं. एकदम गार आणि एकदम गरम झालं की त्याची चाल बदलते आणि ती सावरायला वेळ लागतो. महागडं कार्ड मुळात जास्त तापतं, म्हणून वारा आला-गेला की त्यात फरकही जास्त पडायचा. त्याला आम्ही कूलरपुढे बसवून, झाकण उघडं टाकून, दिवसातून तीनदा हिवाळा आणि उन्हाळा दाखवत होतो.

मग रीतसर तपासणी केली. दोघांची झाकणं लावली, दोघांना मागच्या भिंतीशी शेजारी शेजारी ठेवलं. नुसत्या उष्म्यात दोघंही मर्यादेच्या आत राहिले, उन्नीस-बीसचा फरक. भाऊ म्हणाले होते उन्हाळ्यात हेच टिकेल, ते काही खरं निघालं नाही, उन्हाळ्यात दोन्ही टिकली. पण वायरीवर मी मुद्दाम गर्दी केली, प्लांटमध्ये बिघाडाच्या वेळी जशी एकदम शंभर निरोपांची होते तशी, तेव्हा स्वस्त कार्डाचे ठोके मागेपुढे उडायला लागले. भाऊंचं कार्ड गर्दीतही जागचं हललं नाही. आणि वीजकेंद्रात घड्याळाची गरज नेमकी त्या गर्दीतच असते.

मी हे सगळं जसं झालं तसं लिहिलं. आधीची तपासणी चुकीची होती आणि चूक माझ्या मांडणीची होती, हेही वरच्याच परिच्छेदात लिहिलं. उन्हाळ्यात टिकण्याच्या बाबतीत सुपरवायझरचं म्हणणं सिद्ध होत नाही, गर्दीच्या बाबतीत त्यांनी निवडलेलं कार्डच घ्यावं, असं शेवटी लिहिलं आणि मॅनेजरना पाठवलं. संध्याकाळी त्यांचा फोन आला.

"म्हणजे आमचंच कार्ड चांगलं."

"चांगलं आहे. पण त्याच्यावर थेट वारा येता कामा नये."

"आमच्याकडे तो प्रश्नच नाही, मॅडम. कंट्रोल रूममध्ये एसी आहे."

"कुठे आहे?"

"अगदी रॅकसमोर. मुद्दाम तिथे लावून घेतलाय, एवढी महागाची यंत्रं आहेत म्हणून."

मी कपाळाला हात लावला. मामाजी कोनाड्यापाशी बसून हसले. फोन मोठ्या आवाजावर होता.

"सकाळी येते," मी म्हटलं. "आणि साहेब, सुपरवायझरचं काय?"

"त्यांचं काय? रॅक हलवायचा म्हणजे तेच लागतील. पावसाळ्यात तर लागतीलच," मॅनेजर म्हणाले. त्यांच्यापुरता विषय संपला होता. एका माणसाचं वर्ष त्या दोन वाक्यांत निघालं, आणि मी त्यांना धन्यवाद म्हटलं ते मनापासून म्हटलं.

भाऊंना लगेच फोन केला. सगळं ऐकून घेतल्यावर ते म्हणाले, "त्या दिवशी तोंडावर आलतं माझ्या. विचारावं का, बाई, अदलाबदल केली का. पन गिळलं."

"का गिळलंत? चार शब्दांचा प्रश्न होता. नोकरी जात होती तुमची."

"मी विचारलं असतं तं ते माझं टेस्ट झालं असतं. तुमचं नाई." मग म्हणाले, "आन् मले वाटलं, मिस्त्रीबाई हाय, करनच. आज नाई तं उद्या करन."

मी म्हटलं, "सकाळी सावलीला येते. रॅकपुढच्या एसीचं काय करायचं ते बघू."

"या. मीच म्हनलं होतं त्याइले, तिथी लाव म्हनून," भाऊ म्हणाले. "चांगली वस्तू हाय, म्हटलं गार राहू द्या."

रात्री मामाजींनी वाळलेल्या चारोळ्यांतल्या निवडून दोन मुठी कागदात बांधल्या. एक भाऊंना आणि एक कार्डाला, असं म्हणाले. कार्ड खात नाही, मी सांगितलं. मग दोन्ही त्याच्या मालकाला दे, म्हणाले.

सकाळी उठून मी आधी कूलरची टाकी भरली. मामाजींची खुर्ची कोनाड्यापाशीच राहू दिली आणि कूलरपुढे रिकामं टेबल ठेवलं. मग पिशवीत दोन्ही कार्डं, पत्रा कापायची कात्री, रॅक खोलायचे पाने, चारोळ्यांची पुडी आणि शिवणाच्या डब्यातला पांढरा दोरा टाकला आणि पहिल्या बसने निघाले. भाऊ प्लांटच्या गेटशीच उभे होते. आम्ही सरळ कंट्रोल रूममध्ये गेलो. कार्डं मी पिशवीतून काढलीच नाहीत. हातभर दोरा तोडला, रॅकच्या दाराशी उंच धरला आणि वाऱ्याने तो कोणत्या बाजूला हलतो ते बघत उभी राहिले. भाऊ दुसऱ्या टोकाशी एसीच्या बटणावर बोट ठेवून उभे होते.

"बंद करू?" त्यांनी विचारलं.

"मी मान हलवली की करा," मी म्हटलं.